तेरानं भाग जातो का

"उजे, आकडा सांग की. झोपलीस काय?" आप्पा म्हणाले.

त्यांची कवटी डाव्या कानाच्या वर पुरीएवढी उघडलेली होती आणि ते मला झोपलीस काय म्हणून विचारत होते. हिरव्या कापडाचा तंबू केला होता. तंबूच्या आत आप्पांचा कुशीवर ठेवलेला चेहरा आणि समोर स्टुलावर मी. कापडापलीकडं डॉक्टर बेलवलकर उभे होते. मला त्यांचे पाय दिसत होते आणि आवाज ऐकू येत होता. भूल देणाऱ्या फर्नांडिस मॅडम माझ्या शेजारी बसून आप्पांच्या नाडीकडं लक्ष ठेवत होत्या. माझ्या मांडीवर पुठ्ठ्याला अडकवलेला कागद होता. मी भयंकर घाबरले होते.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आप्पा, म्हणजे माझे वडील मल्लिकार्जुन हत्तरकी, गडहिंग्लजच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. मीही तोच धंदा पुढं चालवला, कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजात. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी एकटीच मुलगी.

आप्पांना आकडे वर्गात बसवायची खोड होती. समोरून ट्रक गेला की नंबर वाचायचे आणि निकाल द्यायचे. मूळ संख्या. संयुक्त संख्या. त्यातही संयुक्त असेल तर पुढची चौकशी व्हायची. ती स्वतः सोडून तिच्या विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा कमी भरली तर न्यून, जास्त भरली तर विपुल आणि बरोबर तेवढीच भरली तर परिपूर्ण. सहा ही परिपूर्ण, कारण एक, दोन आणि तीन मिळून सहाच होतात. परिपूर्ण फार दुर्मीळ. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाकडच्यांचा फोन नंबर कागदावर घेऊन ते अर्धा तास बसले आणि शेवटी म्हणाले, "न्यून आहे. पण माणसं बरी दिसतात."

असा माणूस एक दिवस दुकानातून परत आला आणि मला फोन करून म्हणाला, "उजे, मला सतराचा पाढा येईना."

गाठ निघाली. डाव्या बाजूला, कानाच्या वर आणि थोडी मागं. पुण्यात डॉक्टर बेलवलकरांनी फोटो उजेडापुढं धरून समजावलं. गाठ काढली पाहिजे, जितकी जास्त निघेल तितकी वर्षं जास्त मिळतील. पण माणूस आकडेमोड करतो ती जागा तिला चिकटूनच आहे. म्हणून ते पेशंटला जागं ठेवून ऑपरेशन करणार होते. विजेची बारीक कांडी मेंदूला टेकवायची. तेवढा भाग क्षणभर बंद पडतो. त्या क्षणी पेशंटला गणित घालायचं. चुकला तर ती जागा सोडायची, बरोबर आलं तर तिथून गाठ काढायची. मेंदूला स्पर्श कळत नाही, दुखत नाही, असं ते दोनदा म्हणाले.

"आम्ही साधी गणितं विचारतो," ते म्हणाले. "सात अधिक आठ, अशी."

आप्पा हसले. "सात अधिक आठ मी मेल्यावर पण सांगीन, डॉक्टर. माझी परीक्षा घ्यायची तर नीट घ्या. माझी मुलगी घेईल."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, कारण आप्पांसमोर नाही म्हणायची मला लहानपणापासून सवय नव्हती.

"एक लक्षात ठेवा," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "चुकताना माणसाला आपण चुकतोय हे कळत नाही. ते अगदी ठासून चुकीचं उत्तर देतील. त्यांच्या आवाजावर जाऊ नका, तुमच्या कागदावर जा. चुकले की त्याच जागी परत विचारायचं. दोनदा चुकले तर मी तिथं हात लावणार नाही."

आदल्या संध्याकाळी वॉर्डात आप्पांनी माझं मनगट धरलं. "उजे, हात लुळा पडला तर पडू दे. बोलता नाही आलं तरी चालवून घेईन. पण आकडे गेले तर मी कुणीच नाही गं. चूक असली की चूक म्हण. बाप म्हणून भीड धरू नको." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांच्यापेक्षा स्वतःचीच दया आली.

मी कोणती संख्या निवडावी? मी त्यांची लाडकी निवडली. तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. परिपूर्ण संख्यांतली पाचवी. तिच्या आकड्यांची बेरीज अठ्ठावीस, आणि अठ्ठावीस हीसुद्धा परिपूर्ण. तिला निम्मं करत गेलं की बारा पायऱ्यांनी ८१९१ ही मूळ संख्या हाती येते. ते मला फार सोयीचं वाटलं. बारा पायऱ्या, बारा प्रश्न, उत्तरं कागदावर तयार. शिवाय आवडीची संख्या असली की त्यांना धीर येईल, असा माझा शहाणपणा.

"तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. निम्मे?" मी विचारलं.

"एक कोटी सदुसष्ट लाख पंच्याहत्तर हजार एकशे अडुसष्ट," आप्पा म्हणाले.

"बरोबर."

"पुढची जागा," कापडापलीकडून आवाज आला.

"त्याच्या निम्मे?"

"त्र्याऐंशी लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे चौऱ्याऐंशी."

"बरोबर."

असं चाललं. जागा बदलत होती, उत्तर बरोबर येत होतं. डॉक्टर तपासलेल्या जागी चिमुकल्या चिठ्ठ्या लावत होते, हे फर्नांडिस मॅडमनी मला हळूच सांगितलं. माझ्या जीवात थोडा जीव आला. आप्पांचा चेहराही खुलला होता. "घे की पुढं," ते म्हणत होते.

सातव्या प्रश्नाला माझी नजर सरकली. पाच लाख चोवीस हजार दोनशे चोवीसचे निम्मे विचारायचे होते. मी दोन ओळी खालचं वाचलं.

"एक लाख एकतीस हजार छप्पन्न. निम्मे?"

"दोन लाख बासष्ट हजार एकशे बारा," आप्पा झटक्यात म्हणाले.

मी कागदाकडं पाहिलं. उत्तर अगदी बरोबर होतं, फक्त मी न विचारलेल्या प्रश्नाचं. निम्मे विचारल्यावर दुप्पट कशी येईल? त्यांनी माझा प्रश्न ऐकलाच नव्हता.

"डॉक्टर, थांबा," मी ओरडलेच. "थांबा! हे गणित करत नाहीयेत. पाठ म्हणतायत."

"म्हणजे?"

"ही संख्या त्यांना पाठ आहे. सगळ्या पायऱ्या पाठ आहेत. कविता म्हटल्यासारखं म्हणतायत. सुरुवातीपासून."

यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती. मला वाटलं, झालं, मी माझ्या हातानं बापाचं डोकं रिकामं करून टाकलं.

"कापलेलं नाही अजून," डॉक्टर म्हणाले. आवाज शांत होता, पण राग कळत होता. "नुसत्या खुणा केल्यात. त्या आता फुकट गेल्या. दुसरा आकडा द्या. त्यांनी आयुष्यात न पाहिलेला. आणि लवकर. त्यांना फार वेळ जागं ठेवता येत नाही."

"काय झालं गं?" आप्पांनी विचारलं. "चुकलो काय?"

"नाही आप्पा. आकडा बदलतोय."

"बदल की. मला काय."

मी इकडंतिकडं पाहिलं. समोरच्या यंत्रावर एक पांढरी पट्टी होती, तिच्यावर त्या यंत्राचा क्रमांक. ४६१५८६१९. मी तो कागदावर उतरवून घेतला आणि वाचून दाखवला, "चार कोटी एकसष्ट लाख अठ्ठावन्न हजार सहाशे एकोणीस."

आप्पांनी तो पुटपुटत दोनदा म्हणून घेतला. त्यांच्या कपाळावर आठी आली. ही आठी मला ओळखीची होती. आता ते खरंच काम करत होते.

"सर, फक्त उत्तर द्या," डॉक्टर म्हणाले. "रीत सांगू नका. दमाल."

"रीतीशिवाय उत्तराला मार्क नसतात, डॉक्टर," आप्पा म्हणाले. फर्नांडिस मॅडम हसल्या. मला हसू येईना. आता माझ्याजवळ तयार उत्तरं नव्हती. मला आप्पांच्या बरोबरीनं, आणि आप्पांच्या आधी, गणित करायचं होतं.

रीत त्यांचीच होती. संख्येचे मागून तीन-तीन आकडे तोडायचे. पहिल्या गटातून दुसरा वजा करायचा, तिसरा मिळवायचा, असं एकाआड एक. जे उरेल त्याला सातानं, अकरानं, तेरानं भाग गेला तर मूळच्या आकड्यालाही जातो. मी कागदावर मांडलं. उरले ६१८.

"तीननं भाग जातो?"

"बेरीज चाळीस. नाही जात."

"बरोबर."

"पुढची जागा," डॉक्टर म्हणाले.

"सातानं?"

आप्पांचे ओठ हलले. "नाही."

"बरोबर." ६१८ ला सातानं भाग जात नव्हता.

"पुढची."

"अकरानं?"

"नाही."

"बरोबर."

"आता जपून," डॉक्टर म्हणाले. "ही गाठीच्या अगदी काठाची जागा आहे. विचारा."

"तेरानं?" मी विचारलं.

"जातो की," आप्पा म्हणाले. "थाटात जातो."

मी कागदाकडं पाहिलं. तेरा सत्तेचाळीस सहाशे अकरा. सहाशे अठरातून सहाशे अकरा गेले, बाकी सात. हीच ती जागा. ते ठासून सांगत होते, आणि ते ठासूनच चुकतील असं मला आधीच सांगितलेलं होतं.

"चूक," मी म्हणाले.

"परत विचारा."

"आप्पा, नीट बघा. तेरानं भाग जातो?"

या वेळी त्यांनी वेळ घेतला. डोळे मिटले. मी पुन्हा एकदा तेरा सत्तेचाळीस करून पाहिलं. बाकी सातच.

"जातो," आप्पा म्हणाले.

"चूक."

आप्पांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं. "नक्की?"

"नक्की, आप्पा."

"मग चुकलो असीन," ते म्हणाले. मी जन्मात त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांची हनुवटी थरथरायला लागली आणि फर्नांडिस मॅडमनी त्यांच्या गालावर हात ठेवला.

"बास," डॉक्टर म्हणाले. "ही जागा सोडतोय. बाकीची काढतो."

चिंचोक्याएवढी गाठ आत राहिली. बाकी सगळी निघाली. आप्पा दुसऱ्या दिवशी सतराचा पाढा घडाघडा म्हणाले, वॉर्डातल्या नर्सनं टाळ्या वाजवल्या, आणि मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा झोपले होते. मी बाहेरच्या बाकावर बसून पर्समधलं पेन काढायला गेले तर तो कागद हाताला लागला. आप्पा जागे झाल्यावर त्यांना या संख्येची पुरती कुंडली सांगावी, असा विचार आला. सहज म्हणून साधा, शाळेतला भागाकार मांडला. आधी सतरानं, मग एकोणीसनं. मग का कोण जाणे, तेरानं.

बाकी शून्य आली.

मी परत केला. शून्य. तिसऱ्यांदा अंकन् अंक मोठ्यानं म्हणत केला. बाकावरची एक बाई माझ्याकडं बघायला लागली. भागाकार पस्तीस लाख पन्नास हजार सहाशे त्रेसष्ट, बाकी शून्य.

मग मला दिसलं. यंत्रावर आकडा सलग होता. तो मोठ्यानं वाचायचा म्हणून मी हाताच्या सवयीनं स्वल्पविराम देऊन लिहिला होता. ४,६१,५८,६१९. कोटी, लाख, हजार. आणि तीन-तीन आकडे तोडायचे सोडून मी ते स्वल्पविरामच गट म्हणून धरले होते. ६१९ वजा ५८, अधिक ६१, वजा ४. खरे गट होते ६१९, १५८ आणि ४६. त्यांचे उरतात ५०७. तेरा एकोणचाळीस पाचशे सात. सातानं आणि अकरानं दोन्हीकडून भाग जात नव्हता, म्हणून तोवर आमची उत्तरं जुळली. मुलांच्या वहीत ही चूक मी शंभरदा लाल केली असेल.

आप्पा बरोबर होते. दोन्ही वेळा. त्या जागेत गणित नव्हतं, नुसती गाठ होती.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"तुम्ही त्या दिवशी मला थांबवलंत," ते म्हणाले, "पाठांतराचं ओळखलंत, ते फार मोठं काम झालं. मी रागावलो, ते मनावर घेऊ नका."

"डॉक्टर, जे आत राहिलंय," मी म्हणाले, "ते परत काढता येईल?"

"लगेच पुन्हा डोकं उघडायचं? एकाहत्तर वर्षांच्या माणसाचं? धोका आहे. अगदीच काही कारण असेल तर विचार करता येतो." त्यांनी चष्मा काढला. "पण कारण काय? तिथं गणित आहे, तुम्हीच तर सांगितलंत."

हाच तो क्षण. एक वाक्य बोलायचं होतं. मी चूक होते, एवढंच. पण पुन्हा डोकं उघडताना आप्पा टेबलावर गेले तर? आणि नाही सांगितलं तर? दोन्हीकडून माझ्याच हातून मरण होतं. मी चहा घेतला आणि म्हणाले, "नाही, सहज विचारलं."

कागदाचे मी तुकडे केले आणि मोरीत सोडले.

पुढचे चौदा महिने आप्पा सुखात जगले आणि मी रोज थोडी थोडी मेले. भेटायला येईल त्याला ते सांगायचे, "उजूनं माझं गणित वाचवलं. डॉक्टर कापायलाच निघाले होते. ही म्हणाली, चूक! भीड नाही धरली पोरीनं." लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. मी आत जाऊन काहीतरी विस्कटलेलं आवरत बसायची. मधूनच ते विचारायचे, "उजे, मशीनवरचा आकडा काय होता गं? करून बघायचा होता परत."

"आठवत नाही, आप्पा."

"हात्तिच्या. गणिताची मास्तरीण तू."

त्यांना आठवेल या भीतीनं मी गडहिंग्लजला जायचं कमी केलं.

पंधराव्या महिन्यात गाठ परत वाढली. राहिली होती तिथूनच. उजवा हात गेला, मग शब्द जायला लागले. पाण्याला ते दरवाजा म्हणायचे. माझं नाव कधी यायचं, कधी नाही. आकडे मात्र शेवटपर्यंत राहिले. डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखं नाही, घरीच असू द्या.

एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा डाव्या हातानं बाजूला केला आणि माझ्याकडं टक लावून पाहिलं.

"चार कोटी," ते म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट. "एकसष्ट लाख. अठ्ठावन्न हजार. सहाशे..."

ते थांबले. मी काही म्हणावं म्हणून वाट पाहायला लागले. मी वाटी खाली ठेवली.

"सहाशे किती गं?"

"सतरा," मी म्हणाले. एकोणीस म्हणवलं नाही.

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मी त्यांच्या कपाळाकडं बघत बसले. इतकी भीती मला त्या थिएटरातही वाटली नव्हती. बराच वेळ गेला. पेजेवर साय धरली.

"नाही जात," आप्पा म्हणाले. "बरोबर होतीस."

मी मान खाली घातली. त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि धरून ठेवला.

"बाकी अकरा," ते म्हणाले. "दोननं हुकलं बघ, उजे."

असं ते कुठल्याही आकड्याबद्दल म्हणाले असते, ही त्यांची सवयच होती. मी वर पाहिलं तेव्हा ते माझ्याकडंच बघत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मी चमचा पुढं केला.